इंग्रजीतील अक्षरी संख्या : प्रामाण्य आणि परिवर्तन

पैशाच्या व्यवहाराचा कागद करताना रक्कम दोनदा लिहावयाची, एकदा आकड्यांत व एकदा अक्षरांत, हा रिवाज इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याच्या पोटात काही भाषाशास्त्रीय प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. या दोन लेखनांत विसंगती आढळली तर कोणते ग्राह्य धरावयाचे, याचे उत्तर कायद्याने निःसंदिग्धपणे देऊन ठेविले आहे. हिंदुस्थानात १८८१ साली झालेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे अठरावे कलम आणि इंग्लंडात १८८२ साली झालेल्या हुंड्यांविषयीच्या कायद्याचे नववे कलम यांचा निर्वाळा एकच आहे : अक्षरांत लिहिलेली रक्कम तीच खरी. तत्त्व इंग्लंडातील न्यायालयांनी घडविलेले, परंतु ते कलमबद्ध झाले ते आधी हिंदुस्थानात व एका वर्षाने इंग्लंडात, ही गोष्टही जाता जाता ध्यानात घेण्यासारखी आहे.

या तत्त्वाची धार किती तीक्ष्ण होती हे १८३९ सालच्या साँडर्सन विरुद्ध पायपर या खटल्यावरून दिसते. त्यातील हुंडीच्या समासात आकड्यांनी दोनशे पंचेचाळीस पौंड लिहिले होते आणि मजकुरात अक्षरांनी दोनशे पौंड. 'अँड फॉर्टी-फाइव्ह' एवढे तीन शब्द लिहिणाराच्या हातून नजरचुकीने गळले, हे उघड दिसत होते. तथापि न्यायालयाने ते सिद्ध करण्यासाठी बाहेरचा पुरावा घेण्यासच नकार दिला. हुंडी दोनशेचीच ठरली. तीन शब्दांची किंमत पंचेचाळीस पौंड पडली.

कायद्याने अक्षरी संख्येला दिलेले हे प्रामाण्य पाहिले म्हणजे एक विरोध जाणवतो. आकडा हा कोणा एका भाषेचा नव्हे. तो भारतात जन्मला, अरबांच्या हातून युरोपात गेला आणि सर्वत्र त्याच मूल्याने वाचला जातो. शब्द मात्र एका विशिष्ट भाषेचा, एका विशिष्ट काळाचा. त्याचा उच्चार झिजतो, लेखन बदलते, त्यातील पदांचा क्रम उलटतो, एवढेच नव्हे तर त्याचा अर्थही सरकतो. मग जे स्थिर त्याला गौण ठरवून जे अस्थिर त्याच्या हाती निर्णय का सोपविला गेला? आणि ज्या इंग्रजी संख्याशब्दांवर एवढा भार टाकला गेला ते स्वतः कितपत भरवशाचे होते? उत्तरासाठी त्या शब्दांच्या इतिहासातच शिरणे आवश्यक आहे.

प्रथम दिसते ते असे की, इंग्रजी संख्यावाचकांची बांधणी शुद्ध दशमान नाही. दहानंतर 'टीन' अंत्य असलेली मालिका सुरू व्हावयास हवी, पण ती तेरापासून सुरू होते. 'इलेव्हन' आणि 'ट्वेल्व्ह' यांची प्राचीन इंग्रजी रूपे 'एन्डलेओफन' व 'ट्वेल्फ' अशी होती. त्यांचा मूलार्थ दहा मोजून झाल्यावर 'एक उरला', 'दोन उरले' असा. हीच रीत लिथुआनियन भाषेने अकरापासून एकोणिसापर्यंत चालविली आहे, आणि तिच्यातील 'लिक' हे उत्तरपद संस्कृतातील 'रिच्' या धातूचे सगोत्र होय. म्हणजे बारापर्यंतचा गट वेगळा धरण्याची वृत्ती जर्मानिक भाषांत मुरलेली होती. दुसरा सांधा साठाजवळ आहे. प्राचीन इंग्रजीत साठापर्यंतच्या दशकांना नुसता 'टिग' प्रत्यय लागे. सत्तरापासून मात्र शब्दाच्या आधी 'हुन्ड' हे पद येई : 'हुन्डसेओफोन्टिग' म्हणजे सत्तर, 'हुन्डनिगोन्टिग' म्हणजे नव्वद. विशेष हे की ही मालिका शंभराशी थांबत नसे. शंभरासाठी 'हुन्डटेओन्टिग', एकशे दहासाठी 'हुन्डएन्डलेओफन्टिग' आणि एकशे वीसासाठी 'हुन्डट्वेल्फटिग' अशी रूपे आढळतात. शब्दशः पाहता हे 'दहा दशके, अकरा दशके, बारा दशके' असे मोजणे आहे, आणि त्याचा मुक्काम एकशे वीसावर आहे.

हा मुक्काम केवळ व्याकरणातील कुतूहल नव्हे. 'हंड्रेड' या शब्दातील 'हुन्ड' हा संस्कृत 'शतम्' व लॅटिन 'केन्टुम्' यांचा सख्खा भाऊ असला तरी उत्तर युरोपात त्याचा अर्थ शंभरच होता असे नाही. प्राचीन नॉर्स भाषेत 'हुन्द्रथ' म्हटले म्हणजे सामान्यतः एकशे वीस समजत, आणि शंभर अभिप्रेत असेल तर 'दहा दशकांचा' असे विशेषण जोडीत. इंग्लंडातही हा मोठा शेकडा व्यापारात शतकानुशतके नांदला. इ. स. १३०० च्या सुमाराचा जो वजनमापांविषयीचा लॅटिन निबंध इंग्लंडच्या कायदेसंग्रहात समाविष्ट झाला आहे, त्यात हेरिंग माशांचा शेकडा सहा विसांचा सांगितला आहे, कापडाचा सहा विसांचा सांगितला आहे, पण लोखंडाचा व शिलिंगांचा शेकडा पाचच विसांचा, असा भेद स्पष्ट नोंदविला आहे. मासळी विकणारा आणि तिचे पैसे मोजणारा हे एकाच व्यवहारात एकच शब्द दोन अर्थांनी उच्चारीत होते, आणि दोघेही खरे बोलत होते! जमीनदारीच्या जमाखर्चात तर रोमन 'सी' या चिन्हानेही कित्येकदा एकशे वीस मेंढ्या दर्शविल्या जात. म्हणजे संदिग्धता शब्दातून चिन्हातही उतरली होती. ब्रिटिश 'हंड्रेडवेट' हे वजन एकशे बारा पौंडांचे. ते या मोठ्या शेकड्याचे रूप नव्हे, परंतु नावात शेकडा आणि तागडीत दुसरेच काही, हा प्रकार तेथेही आहेच.

वरील निबंधात शेकडा विसांनी मोजला आहे, ही गोष्ट मोजण्याच्या साधनाकडे लक्ष वेधते. 'स्कोअर' हा विसाचा वाचक शब्द नॉर्स 'स्कोर' म्हणजे खाच यापासून आला. काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवण्याची पद्धत इंग्लंडच्या राजकोषातही होती. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजकोषाधिकारी रिचर्ड फिट्झनील याने आपल्या राजकोषविषयक संवादग्रंथात या खाचांची मापे दिली आहेत : हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या फुगीर दाण्याएवढी. खाच पाडल्यावर काठी उभी चिरीत व एकेक भाग दोन्ही पक्षांकडे राही. एका पक्षाने आपल्या भागावर खाच वाढविली तर दोन्ही भाग जुळविताच लबाडी उघडी पडे. रकमेची नोंद दोन ठिकाणी ठेवून एकीने दुसरीची पारख करावयाची, ही कल्पना अशा रीतीने कागदापेक्षाही जुनी आहे. विसांनी मोजण्याची बोली पुढे गंभीर शैलीचे लक्षण झाली. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात ती आहे, आणि १८६३ साली गेटिसबर्ग येथे लिंकनने १७७६ पासूनची सत्त्याऐंशी वर्षे विसांच्या हिशेबानेच सांगितली.

कागदावर मात्र दीर्घकाळ रोमन चिन्हांचे राज्य होते. बेरजेस ती गैरसोयीची. पण लबाडीस सर्वथा मोकळी नव्हती, कारण लेखनिकांनी तिच्यावर उपाय शोधला होता. शेवटच्या 'आय'ला शेपूट देऊन तो 'जे'सारखा लिहीत, जेणेकरून पुढे आणखी एक रेघ ओढता येऊ नये. नव्या आकड्यांना असे कुंपण नव्हते. शून्याला शेपटी काढली की सहा किंवा नऊ होई, आणि शेवटी एक शून्य वाढविले की रक्कम दसपट. १२९९ साली फ्लॉरेन्समधील सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना वह्यांत आकड्यांनी रकमा लिहिण्यास मनाई केली व त्या अक्षरांनी उघडपणे लिहाव्यात असा दंडक घातला. या मनाईचा अर्थ पुष्कळदा नव्या विद्येला जुन्यांचा विरोध असा लावला जातो. तो एकांगी वाटतो. सराफांना आकडे वाचता येत नव्हते म्हणून नव्हे, तर ते बदलणे किती सोपे आहे हे पुरते ठाऊक होते म्हणून त्यांनी हा नियम केला असावा, हा तर्क अधिक सयुक्तिक आहे. ही चिन्हे इंग्लंडच्या हिशेबवह्यांत सर्वसाधारण झाली ती पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत, आणि तेव्हा अक्षरी लेखन त्यांच्या शेजारी साक्षीदार म्हणून उभे राहिले.

पण हा साक्षीदार त्याच सुमारास आपली बोली बदलीत होता. प्राचीन व मध्य इंग्रजीत एकक आधी व दशक मागून येई : 'फाइव्ह अँड ट्वेंटी'. जर्मनमध्ये आजही हाच क्रम आहे आणि मराठीतील 'पंचवीस'ची घडणही तीच. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत 'ट्वेंटी-फाइव्ह' हा उलटा क्रम बळावत गेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जुना क्रम वय, घड्याळ, बालगीते अशा ठिकाणी मागे सरला. फ्रेंचचा प्रभाव आणि आकड्यांच्या डावीकडून उजवीकडे होणाऱ्या वाचनाचा प्रभाव ही दोन कारणे साधारणतः पुढे केली जातात. जर्मन लेखनिकही तेच आकडे वाचीत होते व तरी त्यांचा क्रम बदलला नाही, हे पाहता दुसऱ्या कारणावर फार भार देता येत नाही. लक्षणीय हे की इंग्रजीतील हे स्थित्यंतर कोणाच्या आज्ञेवाचून झाले. नॉर्वेत तेच घडवून आणण्यास १९५१ साली शासनाचा निर्णय लागला, तोही दूरध्वनिक्रमांक सांगताना होणाऱ्या घोटाळ्यांच्या तक्रारींवरून. आणि तेथे जुना क्रम लोकांच्या तोंडून त्यानंतरही पुरता गेला नाही. महाराष्ट्रात २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाने 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक' असे वाचन सुचविले, तेव्हा उठलेला गदारोळ ताजा आहे. मराठीत एक ते शंभर बहुतेक प्रत्येक संख्येचे रूप संधी व झीज यांनी स्वतंत्र झालेले असल्याने मुलाच्या स्मरणावर भार पडतो, हे खरे; पण तो भार उतरविण्याचा प्रयत्न हा केवळ गणिताचा प्रश्न राहत नाही, हेही त्या वादाने दाखविले.

उच्चार आणि लेखन यांतील फारकत हा इंग्रजीचा सर्वश्रुत दोष संख्याशब्दांत एकवटलेला आहे. 'टू'च्या लेखनातील 'डब्ल्यू' मुका झाला, पण 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन' यांत तो बोलतो. 'वन'चे उलट झाले. लेखनात नसलेला वकार पंधराव्या शतकाच्या आसपास बोलीभाषांतून प्रमाण उच्चारात शिरला. 'अलोन', 'अटोन', 'ओन्ली' या साधित शब्दांना मात्र तो चिकटला नाही. त्यांत जुना स्वर शाबूत आहे. क्रमवाचकांत 'दुसरा' या अर्थी मुळात 'अदर' हा शब्द होता. त्याला 'इतर' असाही अर्थ असल्याने अडचण होई, म्हणून फ्रेंचमधून 'सेकंड' उसना घेतला गेला. संदिग्धता असह्य झाल्यावर भाषेने आपला मूळचा संख्याशब्द टाकून परका स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण होय.

लेखनातील एक विक्षेप विशेष मौजेचा आहे. 'फोर' आणि 'फोर्टीन' यांत 'यू' हे अक्षर आहे, 'फॉर्टी'त नाही. पूर्वी 'फॉर्टी'तही ते लिहिले जात असे, कालांतराने गळाले. शाळकरी मुले या विक्षेपाने आजही गोंधळतात. तथापि धनादेशाच्या दृष्टीने पाहता हा विक्षेप उपकारक ठरतो. इंग्रजी संख्याशब्द उजवीकडे प्रत्ययाने वाढतो. 'सिक्स', 'सेव्हन', 'नाइन' यांपुढे 'टी' आणि 'वाय' ही दोन अक्षरे जोडली की रक्कम दसपट होते. 'एट'च्या अखेरीस 'टी' आयता असल्याने तेथे एकट्या 'वाय'ने काम भागते, आणि आठांचे ऐंशी होतात. 'टू', 'थ्री' व 'फाइव्ह' यांची रूपे दशकांत बदलतात, म्हणून ती सुरक्षित. 'फोर'चे 'फॉर्टी' करावयाचे तर मधला 'यू' खोडावा लागतो, आणि खाडाखोड दिसते. शुद्धलेखनाच्या एका अनियमाने येथे पहारा केला आहे.

डावीकडची वाट याहून धोक्याची. मोठे पद आधी येत असल्याने शब्दाच्या आधी जागा सुटली की तेथे हजार वा शेकडा घालता येतो. १८२७ सालच्या यंग विरुद्ध ग्रोट या खटल्यात नेमके हेच घडले. गृहस्वामी कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते पत्नीजवळ ठेवून गेला. कारकुनाने त्यांतील एक पन्नास पौंड आणि वर काही शिलिंगांचा म्हणून भरून तिला दाखविला, परंतु 'फिफ्टी' हा शब्द ओळीच्या मध्ये, लहान अक्षराने आरंभ करून लिहिला. तिने संमती देताच त्याने आधीच्या मोकळ्या जागेत 'थ्री हंड्रेड' घातले. बँकेने साडेतीनशे दिले, आणि ते नुकसान खातेदाराच्या माथी बसले. १८९६ साली स्कोलफील्ड विरुद्ध लंड्सबरो या खटल्यात हुंडीतील पाचशेंचे अशाच रीतीने साडेतीन हजार झाले होते, पण तेथे हाउस ऑफ लॉर्ड्सने हुंडी स्वीकारणाऱ्यास जबाबदार धरले नाही. त्यामुळे जुना निवाडा टिकतो की नाही याबद्दलच शंका निर्माण झाली. तिचे निरसन १९१८ साली लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन आणि आर्थर या खटल्याने केले. विश्वासू कारकुनाने भागीदारापुढे सहीसाठी ठेवलेल्या धनादेशावर अक्षरांची जागा कोरीच होती व आकड्यांच्या जागी दोन पौंड एवढेच, तेही दोन्ही बाजूंस मोकळे अंतर ठेवून लिहिले होते. सही झाल्यावर दोनाच्या आधी एक आणि नंतर शून्य पडले, कोऱ्या जागेत 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी पाउंड्स' हे शब्द आले, आणि कारकून पसार झाला. धनादेश लिहिताना वाजवी दक्षता घेणे हे बँकेप्रती खातेदाराचे कर्तव्य होय, असे ठरून तोटा पेढीला सोसावा लागला. अक्षरे लिहिण्याचा आळस हाच येथे निष्काळजीपणा ठरला. जो एकशे वीस हा आकडा मोठ्या शेकड्याच्या रूपाने पूर्वी संदिग्धतेचे घर होता, तोच या खटल्याचा विषय व्हावा, हा निव्वळ योगायोग.

या दृष्टीने भारतात रूढ झालेली इंग्रजी धनादेशाची वाक्यरचना पाहण्याजोगी आहे. इंग्लंडात चलनाचे नाव संख्येच्या मागून येते, 'एट पाउंड्स'. त्यामुळे उजवी बाजू आपोआप बंद होते आणि डावी उघडी राहते. भारतात 'रुपीज' हा शब्द आधी येतो, तो डावीकडचे दार लावतो. उजवीकडे 'ओन्ली' हा शब्द कडीसारखा बसतो. मराठीतील 'अक्षरी रुपये आठ फक्त' किंवा 'मात्र' ही रचना याच जातीची. 'आठ'पुढे 'शे' चिकटविण्याची सोय ती ठेवीत नाही. आणि 'ओन्ली' म्हणजे मूलतः 'एकासारखा, एकमात्र'. तेव्हा भारतीय बँकांत रोज लिहिल्या जाणाऱ्या असंख्य रकमांच्या शेवटी 'वन'चा जुना उच्चार नकळत जतन होत आहे.

कायद्याने शब्दाला श्रेष्ठ मानले ते त्याचा अर्थ अधिक निश्चित म्हणून नव्हे, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून दिसून येईल. शब्द लांब असतो, त्यात अतिरिक्त अक्षरे असतात, तो चुकून लिहिला जाणे कठीण आणि बेमालूम बदलणे त्याहून कठीण. ही गुणवत्ता लेखनाची आहे, अर्थाची नव्हे. अर्थाच्या बाजूने पाहिले तर आकडाच सरस ठरतो, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा मोठ्या संख्यांच्या नावांनीच पुरविला आहे.

'मिल्यन' हा शब्द इटालियन 'मिल्योने', म्हणजे 'मोठा हजार', यापासून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला व त्याचे मूल्य स्थिर राहिले. १४८४ साली निकोला श्युके या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या हस्तलिखितात त्याच्यावर शिडी रचली : दशलक्षांचा वर्ग तो 'बिल्यन', घन तो 'ट्रिल्यन'. म्हणजे 'बिल्यन'वर बारा शून्ये. त्याचे हस्तलिखित १८८० पर्यंत अप्रकाशित राहिले, पण ही नावे त्याआधीच प्रचारात होती. इंग्लंडात जॉन लॉकने १६९० च्या आपल्या मानवी आकलनविषयक ग्रंथात, नावांवाचून मोठ्या संख्यांची स्पष्ट कल्पना करता येत नाही हे दाखविण्यासाठी, सहासहा अंकांचे गट पाडून 'नॉनिल्यन'पर्यंत ही नावे मांडली. नावाने कल्पना निश्चित होते, हा त्याचा सिद्धान्त. पण ज्या नावावर तो उभा होता तेच फ्रान्समध्ये सतराव्या शतकात दुभंगू लागले. तेथे तीनतीन अंकांचे गट पाडणाऱ्यांनी 'बिल्यन'ची तीन शून्ये उतरविली. अमेरिकेने ही नवी गणना उचलली, इंग्लंड जुनीच धरून राहिले. पुढे १९६१ साली फ्रान्स शासकीय आदेशाने बारा शून्यांकडे परतले, आणि अवघ्या तेरा वर्षांनी इंग्लंड उलट दिशेने निघाले. २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी कॉमन्स सभेतील एका प्रश्नाला दिलेल्या लेखी उत्तरात, शासकीय लेखनात 'बिल्यन'चा अर्थ यापुढे हजार दशलक्ष असाच राहील, असे सांगितले. एका उत्तराने एका शब्दाचे मूल्य हजारावा हिस्सा झाले. त्या दिवसापूर्वीच्या ब्रिटिश लेखनात तो शब्द आढळला की वाचणाराला लेखनाचे वर्ष, लेखकाचा देश आणि पुष्कळदा शेजारी लिहिलेला आकडा पाहूनच त्याचा अर्थ लावावा लागतो.